राजगड गॅलरीत: मुलांच्या किल्ल्यात आईचा हात कुठवर

सहामाही परीक्षा संपली की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो: "आई, दिवाळीचा किल्ला कधी करायचा?" आणि तो येतो नेमका भाजणी दळून आणायच्या, माळे झाडायच्या, पडदे धुवायच्या दिवसांत. मग दोनपैकी एक पळवाट निघते. एक तर बाजारातून प्लास्टरचा तयार किल्ला येतो, नाहीतर आई-बाबा रात्री जागून स्वतःच किल्ला उभा करतात आणि सकाळी मुलांच्या हातात फक्त मावळे मांडायला देतात. दोन्ही किल्ले फोटोत छान येतात. मुलं मात्र तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे फिरकत नाहीत, कारण त्यात त्यांचं म्हणावं असं काहीच नसतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं की आईचं काम किल्ल्याच्या पोटातलं. सांगाडा, मातीचं प्रमाण, वजन, पाण्याचा निचरा, कुठल्या दिवशी काय करायचं, हे मोठ्यांनी नीट करावं, कारण किल्ला ढासळतो तो याच चुकांनी. वरून जे दिसतं ते सगळं मुलांचं: तट, बुरूज, वाटा, हिरवळ, माणसं. तट वाकडा झाला तरी तो त्यांनीच बांधलेला असू द्यावा.

किल्ला निवडताना "कुठलाही डोंगर करू" असं म्हणू नये. खरा किल्ला घेतला की मुलांच्या डोक्यात नकाशा तयार होतो, प्रश्न पडतात आणि रोजचा "आता पुढे काय?" हा घोळ राहत नाही. घरात एकापेक्षा जास्त मुलं असतील, किंवा मजल्यावरची चार मुलं मिळून करणार असतील, तर राजगडासारखा किल्ला नाही. मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्याला तीन दिशांना फुटलेल्या तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालचे तटबंदीचे सपाट भाग: उत्तरेला पद्मावती, पूर्वेकडे सुवेळा, नैर्ऋत्येला संजीवनी. एकेक माची एकेका मुलाला देता येते आणि बालेकिल्ला सगळ्यांचा सामाईक. भांडणं पूर्ण मिटत नाहीत, पण "माझ्या माचीवर तू हात लावायचा नाहीस" एवढ्यावर येऊन थांबतात. हद्द ठरलेली असली की लहान भावंडही बिनधास्त काम करतं. मोठं भावंड त्याचं काम पुसून "सुधारून" देण्याचा प्रकार बंद होतो, आणि माझ्या मते त्या लहानग्यासाठी हा सगळ्यात मोठा फायदा.

राजगडाबद्दल मुलांना सांगण्यासारखंही भरपूर आहे. मुरुंबदेवाच्या डोंगरावर उभा राहिलेला हा गड रायगडाच्या आधी स्वराज्याची राजधानी होता. 1659 मध्ये सईबाईंचं निधन इथेच झालं, त्यांची समाधी पद्मावती माचीवर आहे. 1666 मध्ये आग्र्याहून सुटून महाराज परतले ते राजगडावरच. 1670 मध्ये राजाराम महाराजांचा जन्मही इथलाच. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांतही राजगड आहे. हे सगळं एका बैठकीत ऐकवू नका. समाधीची जागा करताना सईबाईंबद्दल सांगा, दरवाजा करताना आग्र्याबद्दल. हात मातीत असताना ऐकलेलं मुलं विसरत नाहीत.

आता जागा. फ्लॅटच्या गॅलरीत चार फूट बाय तीन फूट पुरतं. जमिनीवर आधी जाड प्लास्टिक किंवा जुनी ताडपत्री अंथरा आणि चारही कडा दोन-दोन इंच वर दुमडून त्यांखाली लाकडी पट्टी किंवा जुनी वर्तमानपत्रं गुंडाळून ठेवा, म्हणजे मारलेलं पाणी आतच राहील. ही कड नसेल तर तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या राहतात. किल्ला कठड्याकडे सरकवू नका, घराच्या भिंतीलगत घ्या. वजन भिंतीजवळ राहतं आणि कामाच्या नादात मुलं कठड्यावर ओणवी होत नाहीत. गॅलरीतल्या पाणी जाण्याच्या जाळीवर आधीच फडकं बांधून ठेवा.

दिशेचं एक सांगते. नकाशात उत्तर वर असते, म्हणून सगळे पद्मावती माची मागे टाकतात. ती पुढे घ्या, आपल्याकडे. पाहण्यासारख्या जास्तीत जास्त जागा तिथेच आहेत: तळं, पद्मावतीचं देऊळ, सदर, वाड्याचे अवशेष. मग नकाशा उलटा धरायचा. उत्तर आपल्याकडे आली की पूर्व डाव्या हाताला जाते, म्हणजे सुवेळा डावीकडे मागे आणि संजीवनी उजवीकडे मागे. एक मूल डावीकडे, एक उजवीकडे, एक समोर, अशी बसायची सोयही आपोआप होते. नकाशा मुलांनीच खडूने ताडपत्रीवर काढायचा. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना हे जमतं. मापं साधारण अशी द्या: संजीवनी सव्वादोन फूट, सुवेळा पावणेदोन फूट, पद्मावती एक फूट पण रुंदीला भरपूर, आणि बालेकिल्ल्याची रुंदी जेमतेम फूटभर. प्रत्यक्षातही संजीवनी लांब आणि निमुळती आहे, सुमारे अडीच किलोमीटरची.

सांगाड्यात बहुतेकांची पहिली चूक होते. सगळा डोंगर मातीचाच करायचा म्हटलं तर या मापाच्या किल्ल्याला दोन-अडीचशे किलो ओली माती लागते. ती आणायची कुठून, वर चढवायची कशी, आणि आतून ती आठ दिवस सुकत नाही, बसत राहते, त्यामुळे वरचे तट तडकतात. म्हणून आत पोकळी हवी. तळमजल्यावर किंवा अंगणात विटा उत्तम. वीस-बावीस विटा पुरतात: माच्यांना दोन थर, आणि बालेकिल्ल्यासाठी मधे दोन थर रचून त्यांवर चार लिटरचा रंगाचा रिकामा डबा पालथा. एवढ्यात बालेकिल्ला सव्वा फुटाच्या वर जातो आणि माच्या सात-आठ इंचांवर राहतात. हा फरक महत्त्वाचा. राजगडाचा रुबाब त्या मधल्या उभ्या कड्यात आहे, तो बसका झाला की नुसती टेकडी दिसते.

वरच्या मजल्यांवर विटांऐवजी झाकणं घट्ट लावलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घ्या, तीन-तीन सुतळीने बांधून आडव्या रचा. पुठ्ठ्याचे खोके वापरायचे तर आत वर्तमानपत्रांचे बोळे गच्च भरून बाहेरून प्लास्टिकची पिशवी चढवा. नुसता पुठ्ठा दुसऱ्या दिवशी भिजून खचतो आणि बालेकिल्ला एका अंगाला कलतो. विटा असोत की बाटल्या, मधल्या फटी कागदाच्या बोळ्यांनी भरून घ्या आणि सांगाडा हाताने हलवून बघा. हलत असेल तर पुढे जाऊ नका.

सांगाड्यावर तरटाचं पोतं. प्लास्टिकच्या पोत्याला चिखल धरत नाही, सरळ घसरून खाली येतो. तीन जुनी तरटं उसवून बादलीतल्या पातळ चिखलात बुडवायची. हा चिखल धिरड्याच्या पिठाइतका सैल हवा. बुडवलेलं तरट थोडं पिळून सांगाड्यावर टाकलं की त्याला आपोआप सुरकुत्या पडतात आणि त्याच डोंगराच्या घळी होतात. मुलांना इथे मोकळं सोडा. घळ कुठे, सोंड कुठे, हे बोटांनी दाबत ठरवण्यात ती तास-दीड तास रमतात. चार वर्षांच्या मुलालाही हे काम देता येतं.

मातीचं प्रमाण मात्र आईने हातात घ्यावं. काळी माती फुकट मिळाली तरी नको. ती पाण्याने फुगते आणि सुकताना फार आकसते, त्यामुळे भेगा बोटभर रुंद पडतात. लाल माती तीन घमेली, बारीक चाळलेली वाळू एक घमेलं, आणि नारळाचा काथ्या बोटभर लांबीचे तुकडे करून दोन मुठी. काथ्या मातीला धरून ठेवतो. शेण मिळत असेल तर ओंजळभर मिसळा, चिवटपणा वाढतो. नर्सरीत "कुंडीची माती" म्हणून जे मिळतं त्यात कोकोपीट भरपूर असतं. ते झाडांना चांगलं, किल्ल्याला निरुपयोगी, आकारच धरत नाही. लाल माती वेगळी मागून घ्या. चाळताना काचा आणि खिळे बघा आणि हाताला जखम असलेल्या मुलाला हातमोजे द्या.

माती रात्रभर भिजत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पायाने तुडवा. प्रमाण बरोबर आहे की नाही हे बघायला तळहाताएवढी, बोटाच्या जाडीची चकती थापून सावलीत रात्रभर ठेवायची. सकाळी तिला भेगा पडल्या असतील तर मिश्रणात वाळू कमी आहे. चिमटीत भुगा होत असेल तर वाळू जास्त झाली, माती वाढवा. हा एका रात्रीचा उशीर पुढचे सगळे दिवस वाचवतो, आणि मुलांना प्रयोग म्हणूनही आवडतो. तीन वेगळ्या प्रमाणांच्या तीन चकत्या करून त्यांवर काडीने 1, 2, 3 लिहायला सांगा, सकाळी उठल्याबरोबर ती गॅलरीत धावतील.

चिखलाचा थर एकदम जाड द्यायचा नाही. पहिला अर्ध्या इंचाचा, तो निम्मा सुकला की दुसरा तेवढाच. पहिला थर पूर्ण वाळू दिला तर दुसरा त्याला चिकटत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. निम्मा सुकला म्हणजे अंगठा दाबला की ठसा उमटतो पण माती अंगठ्याला लागत नाही. हीच अवस्था पुढे तटांसाठीही लागते, ती मुलांना एकदा हाताने दाखवून ठेवा. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. गॅलरीत थेट ऊन येत असेल तर दुपारी जुनी ओली चादर टाकून ठेवा. वरचा पृष्ठभाग आधी सुकतो आणि आतला ओला राहतो, भेगा पडतात त्या यामुळे. पडल्याच तर कोरडी माती भरू नका. भेगेत आधी पाणी शिंपडा, मग त्याच मिश्रणाचा पातळ लेप बोटाने आत दाबा.

तट बांधायला मुलं अधीर झालेली असतात. मातीची बोटभर जाडीची लांब वळी करायची, पट्टीने दाबून चपटी करायची आणि माचीच्या कडेने उभी करायची: उंची दोन सेंटीमीटर, जाडी एक. खालच्या मातीवर आणि वळीच्या बुडाला काडीने ओरखडे काढून मधे पातळ चिखल लावला नाही तर तट रात्रीत सुटून पडतो. नुसती दाबून बसवलेली वळी ओली असताना घट्ट वाटते आणि सुकली की उचलून हातात येते. दगडी बांधकामाच्या रेघा तट निम्मा सुकल्यावर टूथपिकने ओढायच्या. ओल्यावर ओढल्या की कडा फाटतात. आइस्क्रीमच्या काडीने वरच्या चऱ्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते, कापता येतात.

संजीवनी माची ज्या मुलाकडे आहे त्याच्या वाट्याला कठीण काम आहे, म्हणून ती सगळ्यात चिकाटीच्या मुलाला द्या. तिथे दुहेरी तटबंदी आहे: आत एक भिंत, बाहेर दुसरी, मधे अरुंद जागा, आणि बुरुजांनाही बाहेरून चिलखत. दोन तटांमध्ये करंगळी जाईल एवढं अंतर ठेवायचं. "दोन भिंती कशाला?" हे मूल विचारणारच. लगेच उत्तर देऊ नका. एक मावळा बाहेर ठेवा आणि एक शत्रू, आणि बाहेरची भिंत पडली तर आतला माणूस कुठे उभा राहील ते त्यालाच ठरवू द्या. बहुतेक मुलं स्वतःच उत्तरापर्यंत पोचतात, आणि त्यानंतर ती भिंत ती जीव ओतून करतात.

सुवेळेवर नेढं आहे, कातळाला आरपार पडलेलं भोक. मुलांना ते हवंच असतं. बांगडी किंवा पाइपचा तुकडा मातीत पुरून नेढं करू नका. माती आकसते, बांगडी आकसत नाही, आणि भोवती तारेसारख्या भेगा पडतात. वर्तमानपत्राची दोन बोटं जाड गुंडाळी करून तिच्याभोवती माती थापा आणि माती निम्मी सुकली की गुंडाळी फिरवत फिरवत ओढून काढा. आतली कड ओल्या बोटाने गुळगुळीत करून घ्या.

पद्मावती माचीवर तळं. घरातली सहा इंची खोलगट ताटली मातीत काठापर्यंत बसवा. ती दोन्हीकडून सपाट आहे ना हे पाणी ओतून आधीच बघून घ्या, नंतर हलवता येत नाही. प्लास्टिक अंथरून केलेलं तळं हमखास गळतं आणि माची खालून मऊ होते. पाणी एक दिवसाआड बदलायचं, हे दिवस डेंग्यूचे असतात आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यातच ते डास वाढतात. बालेकिल्ल्यावरच्या चंद्रतळ्यासाठी बाटलीचं झाकण पुरतं. गडावर एवढ्या माणसांना पाणी कुठून यायचं, हा प्रश्न इथे निघाला तर कातळात खोदलेली टाकी दाखवायला चांगली संधी आहे. झाकणं पुरून चार टाकी करता येतात.

दरवाजे करताना आधी मावळा हातात घ्या. ही चूक घरोघर दिसते: दरवाजा दोन इंचांचा आणि मावळा तीन इंचांचा. पाली दरवाजा राजगडाचा मोठा राजमार्ग, तो मावळ्याच्या दीडपट तरी हवा. कमानीसाठी काडेपेटीची बाहेरची पट्टी वाकवून आत ठेवा, माती पूर्ण सुकली की काढा. वर चढणाऱ्या पायऱ्या सुरीच्या टोकाने कापून काढायच्या, त्या मोठ्यांनी. गुंजवणे दरवाजा, अळू दरवाजा आणि चोर दरवाजा यांना कागदी पाट्या लावण्याचं काम नुकतं लिहायला लागलेल्या मुलाला द्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी पाटी बदलू नका.

हिरवळीचं गणित वेगळं. अळीव सगळ्यात भरवशाचे. दोन-तीन दिवसांत मोड, पाचव्या-सहाव्या दिवशी गवतासारखा हिरवा थर. म्हणून वसुबारसेच्या पाच दिवस आधी पेरायचे, म्हणजे लक्ष्मीपूजनाला किल्ला ऐन बहरात असतो. गहू पेरू नका, तो वीतभर वाढतो आणि मावळे जंगलात हरवतात. नाचणी चालते, ती नाजूक येते पण अळिवापेक्षा एक-दोन दिवस जास्त घेते. मोहरीही चांगली, मात्र तिची पानं रुंद असल्यामुळे ती झुडपांसारखी दिसते. घळींमध्ये मोहरी आणि उतारावर अळीव अशी वाटणी सुंदर दिसते.

या मापाच्या किल्ल्याला पन्नास ग्रॅम अळीव खूप झाले. पंधरा मिनिटं पाण्यात ठेवले की प्रत्येक दाण्याभोवती चिकट आवरण धरतं आणि तो उभ्या उतारावरही चिकटून राहतो. हे लिबलिबीत दाणे चमच्याने पातळ पसरायचे. मुलं मूठभर एकाच जागी थापतात. तिथे खालचे दाणे कुजतात, वास येतो आणि मधेच पिवळा डाग पडतो. तटापासून दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर मुळं तटाच्या बुडात शिरून तो उचलतात. पहिले दोन दिवस ओलं सुती फडकं झाकून ठेवा. ओल टिकते आणि कबुतरं दाणे वेचत नाहीत. पाणी स्प्रेच्या बाटलीनेच, सकाळ-संध्याकाळ. तांब्याने ओतलं की उतारावरचे दाणे आणि माती दोन्ही खाली येतात.

तिसऱ्या दिवशी घरोघरी एक घबराट होते: अळिवावर पांढरा कापूस दिसतो आणि बुरशी समजून सगळं पेरलेलं काढून टाकलं जातं. थांबा. कोवळ्या मुळांवर अगदी बारीक पांढरी लव असते, ती दिसते तशी. एकदा पाण्याचा फवारा मारा. लव असेल तर ती मुळाला चिकटून दिसेनाशी होते, बुरशी असेल तर जाळ्यासारखी तशीच राहते आणि कुबट वास येतो. खरीच बुरशी असेल तर तेवढा भाग चमच्याने मातीसकट काढा, पाणी निम्मं करा आणि वारा लागू द्या. मुलांच्या हातात भिंग देऊन ती लव दाखवा, तेवढ्यासाठी शाळेचा एक तास गेला तरी परवडेल.

मावळे शाडूचे घरीच करता येतात. एक किलो शाडूत दोन इंची वीस-पंचवीस माणसं होतात. मान आणि पाय मोडतात म्हणून आत झाडूच्या हिराची काडी घाला. लहान मुलांना बसलेली माणसं करायला सांगा: जात्यावर बसलेली बाई, भाजीवाली, पहारा देत टेकलेला म्हातारा. उभ्या माणसापेक्षा ही सोपी जातात आणि टिकतातही. सावलीत दोन दिवस सुकवून पोस्टर रंग द्यायचा. न भाजलेला शाडू पाण्यात विरघळतो, म्हणून फवारा मारताना माणसं उचलून ठेवायची किंवा प्रत्येकाच्या पायाखाली चपटा खडा द्यायचा. आणि एखाद्या मुलाला सुवेळा माचीवर डायनासोर ठेवायचा असेल तर ठेवू द्या. तो त्याचा गड आहे, आपण फार तर त्याला विचारावं की हा पहारा कुणाचा देतो.

रंगासाठी तटाला गेरू आणि कड्यांना कोळशाची पूड पाण्यात कालवून. राजगडाचा कातळ काळाच आहे. पांढऱ्या रेघांसाठी मुलांच्या हातात कोरडा चुना देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा गंभीर असते. खडूची पूड किंवा तांदळाचं पीठ चालतं, पिठाला मुंग्या येतात एवढंच. दिव्यांच्या माळा बॅटरीवरच्याच लावा. ओल्या मातीवर घरच्या विजेची माळ कधीच नको. पणती ठेवायची तर सपाट दगडावर, उघडं राहिलेलं तरट आणि कागद यांपासून लांब.

आता स्वयंपाकघर. चकल्या तळणं आणि चिखल या दोन गोष्टी एका वेळी होत नाहीत. गरम तेलाजवळ चिखलाचे पाय घेऊन "आई, बघ ना" म्हणत येणारं मूल हा खरा धोका आहे. मातीची वेळ ठरवून घ्या: सकाळी नऊ ते अकरा माती, त्या वेळात गॅसवर फक्त साधा स्वयंपाक. तळण दुपारनंतर, तेव्हा मुलं शाडूची माणसं किंवा पाट्या करत टेबलाशी बसलेली. हात-पाय धुवायला गॅलरीतच एक बादली ठेवा. ते पाणी मोरीत ओतलं की माती पाइपमध्ये बसते आणि ऐन दिवाळीत प्लंबर मिळत नाही. बादली रात्रभर स्थिर ठेवा, वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ परत किल्ल्याला.

सगळ्यात अवघड काम मात्र गप्प बसण्याचं आहे, आणि हे मी आई म्हणून मनापासून लिहिते आहे. बुरूज वाकडा दिसतो, हात शिवशिवतो. रात्री मुलं झोपल्यावर तो सरळ करावासा वाटतो. करू नका. सकाळी मुलाला ते कळतं. ते काही बोलत नाही, पण त्यानंतर प्रत्येक गोष्टीला "हे बरोबर आहे का?" असं विचारायला लागतं. बुरूज पडला तर फक्त विचारा, "खाली ओरखडे काढले होते का?" कारण शोधून तो पुन्हा उभारला की त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी हा सगळा पसारा सोसायचा. ते वयात येताना शाळेच्या निकालाने मोडू नये असं आपल्याला वाटतं ना, त्याची सवय अशा पडलेल्या बुरुजांवरच होते. आणखी एक: मुलग्यांना किल्ला आणि मुलींना रांगोळी ही वाटणी अजूनही कित्येक घरांत आपोआप होते. ती मोडायची जागा हीच. माची मुलीला आणि अंगणातले ठिपके मुलाला, निदान आलटून पालटून.

परदेशातल्या घरांसाठी थोडं वेगळं. तिथे दिवाळीत थंडी आणि अंधार, बाहेर माती सुकतच नाही. चाळीस बाय साठ सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये फक्त बालेकिल्ला आणि एक माची करा. आत कागदाचे बोळे आणि वर हवेत सुकणारी खेळाची माती. ब्रिटनमध्ये अळीव क्रेस या नावाने सहज मिळतं आणि तिथली मुलं ते शाळेत ओल्या कापसावर पेरतातही, त्यामुळे मित्रमंडळींना सांगायला अडचण नाही. खोली गार असेल तर मोड यायला दोन-तीन दिवस जास्त धरा.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवता येतो. त्याआधी अळीव पिवळं पडायला लागलं की कात्रीने वरून छाटा, उपटू नका, मुळांबरोबर मातीचे पोपडे निघतात. मोडताना फटाका पुरून उडवायचा हट्ट होतो, तो मोडून काढा, खडे आणि विटांचे तुकडे थेट तोंडावर येतात. त्याऐवजी बादलीभर पाणी वरून हळूहळू ओतू द्या. पाऊस डोंगराला कसा कापतो, घळी कुठून कुठे वाहतात, कुठला तट आधी जातो, हे बघत मुलं अर्धा तास हलत नाहीत. गेरू आणि कोळसा लागलेली माती कुंड्यांना चालते, पोस्टर रंग पडलेला थर तेवढा वेगळा काढा. तरट धुऊन कडक वाळवून ठेवा, दोन-तीन वर्षं जातं. मावळे प्रत्येकी कागदात गुंडाळून चपलांच्या खोक्यात, सोबत मुलांनी केलेला कागदी नकाशा आणि मातीच्या प्रमाणाची चिठ्ठी. आणि पुढच्या वर्षी कुठला गड करायचा हे त्याच दिवशी ठरवून घ्या. सिंधुदुर्ग म्हणाले तर मोठी परात आत्तापासून शोधून ठेवा, समुद्र मावेल एवढी.